गिटारला कुठली तार लावावी? आधी ताण बघा, मग आवाज

तारांच्या पाकिटावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, त्याखाली ‘ब्राइट’, ‘वॉर्म’ असे शब्द असतात आणि सगळ्यात कामाची गोष्ट एका कोपऱ्यात दोन आकड्यांत लिहिलेली असते: १२–५३, १०–४६, ९–४२. ‘ब्राइट’ म्हणजे नेमकं किती ब्राइट हे कुणी सांगू शकत नाही. पण त्या दोन आकड्यांवरून गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, किती ओढ बसेल, बोटांना किती जोर लावावा लागेल आणि स्वर ओढून वर नेता येईल की नाही, हे सगळं कळतं. तार निवडायची म्हणजे आधी ताण निवडायचा. धातू, लेप, कंपनी हे प्रश्न त्यानंतरचे. गोव्यात मात्र आणखी एक हिशेब करावा लागतो, तो हवेचा. समुद्राकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तारेचं आयुष्य निम्म्यावर आणतात. पुण्यातल्या वादकाला मानवलेला सेट कळंगुटला तितकाच टिकेल असं धरून चालू नये.

आधी गिटार ओळखा

सगळ्यात महागात पडणारी चूक तार विकत घेण्याआधीच होते. घरात कुणाची तरी जुनी गिटार असते, तारा तुटलेल्या असतात, दुकानातून स्टीलचा सेट आणून लावला जातो आणि दोन-तीन महिन्यांत ब्रिज, म्हणजे फळीवरची तारा अडकवायची पट्टी, लाकडापासून सुटायला लागतो. ती गिटार क्लासिकल असते, म्हणजे नायलॉनच्या तारांसाठी बांधलेली. नायलॉनच्या सहा तारांची मिळून ओढ साधारण ३८ ते ४० किलो असते. अकूस्टिकच्या १२–५३ स्टील सेटची ओढ जवळजवळ ७४ किलो भरते. क्लासिकल गिटारच्या वरच्या पातळ फळीला आतून लावलेल्या पट्ट्या हलक्या असतात आणि बहुतेकदा नेकमध्ये ट्रस रॉडही, म्हणजे नेक सरळ ठेवणारी धातूची सळईही, नसते. दुप्पट ओढ बसली की फळी ब्रिजमागे फुगते, नेक पुढे वाकते आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, इतक्या वर जातात की दाबवत नाहीत.

ओळखायला सोपं आहे. ब्रिजकडे बघा. तारा आडव्या भोकांतून ओवून गाठ मारून बांधायच्या असतील तर ती क्लासिकल. सहा पिना खोचून तारा अडकवायच्या असतील तर ती स्टीलच्या तारांची अकूस्टिक. दुसरी खूण नटची रुंदी. नट म्हणजे डोक्याशी असलेली खाचांची पट्टी. ती क्लासिकलमध्ये साधारण ५२ मिलिमीटर असते, अकूस्टिकमध्ये ४३ ते ४४. क्लासिकलच्या डोक्याला दोन लांब खिडक्या असतात आणि त्यांत जाड प्लास्टिकचे रूळ फिरतात.

उलटी चूक तेवढी घातक नाही. अकूस्टिकवर नायलॉन बसवली तर गिटार मोडत नाही, पण आवाज मात्र मेलेला येतो, कारण ती जड फळी हलवायला एवढा ताण पुरत नाही.

फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराच्या साथीला वाजणारी पोर्तुगीज गिटार हा वेगळाच प्रकार. तिला सहा जोड्यांत बारा तारा असतात, तारांच्या टोकाला गोळीऐवजी फास असतो आणि लांबी कमी असते. साध्या बारा तारांच्या गिटारचा सेट तिला चालत नाही, तिच्यासाठी बनवलेलाच सेट मिळवावा लागतो.

आकडे काय सांगतात

पाकिटावरचा आकडा इंचाचा हजारावा भाग असतो. १२ म्हणजे ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या जरासा वर. पहिला आकडा सगळ्यात पातळ तारेचा, दुसरा सगळ्यात जाड तारेचा. बोलताना आपण फक्त पहिला आकडा घेतो: नऊचा सेट, दहाचा सेट, बाराचा सेट.

नऊ आणि दहात फरक एक हजारांश इंचाचा, म्हणजे केसाहूनही कमी. तरी हाताला तो लगेच जाणवतो. कारण ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहाला नऊने भागून वर्ग केला की १.२३ येतात, म्हणजे त्याच स्वराला लावलेली दहाची पहिली तार नऊच्या तारेपेक्षा जवळजवळ २३ टक्के जास्त ओढते. पूर्ण सेटचे आकडे असे: इलेक्ट्रिकचा ९–४२ साधारण ३९ किलो, १०–४६ साधारण ४७ किलो. अकूस्टिकचा १०–४७ साठच्या आसपास, ११–५२ अडुसष्टच्या आसपास, १२–५३ चौऱ्याहत्तर आणि १३–५६ चौऱ्याऐंशीच्या आसपास. कंपनीगणिक दोन-तीन किलो इकडेतिकडे होतात, क्रम बदलत नाही.

ताण तारेच्या लांबीवरही अवलंबून असतो, आणि तोही वर्गाच्या प्रमाणात. लांबी म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतचं, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतचं, अंतर. इलेक्ट्रिकमध्ये फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरचं, म्हणजे स्ट्रॅटचं, हे अंतर ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या लेस पॉलचं साधारण ६२८. तोच दहाचा सेट स्ट्रॅटवर लेस पॉलपेक्षा सहा टक्के कडक लागतो. म्हणून लेस पॉलवर दहा वाजवणाऱ्याच्या हाताला स्ट्रॅटवर नऊ किंवा साडेनऊचा सेट ओळखीचा वाटतो.

लहान मुलांच्या गिटारबाबत इथेच बरेच पालक चुकतात. मूल लहान, म्हणून तीनचतुर्थांश आकाराची गिटार घेतात आणि बोटं कोवळी, म्हणून तिला दहाचा सेट लावतात. पण त्या गिटारची लांबी ५८० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ताण मुळातच वीस टक्के कमी. त्यावर पातळ तार लावली की ती ढिली पडते, फ्रेटवर खणखणते आणि जरा जोरात दाबली की स्वर वर सरकतो. मुलाला वाटतं आपलं बोट चुकतंय. अशा गिटारला अकरा किंवा बाराचा सेट लावावा, तो कमी लांबीमुळे आपोआप मऊ लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला खरं तर नायलॉनच बरी.

मोठ्या गिटारवर शिकणाऱ्यांना मात्र अकराचा सेट योग्य. बाराच्या सेटवर हात लागेपर्यंत बोटांच्या टोकांना फोड येतात आणि त्या काळात कितीतरी जण गिटार सोडून देतात. घरात बाराचा सेट आधीच लावलेला असेल आणि नवा घ्यायचा नसेल, तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. अर्ध्या स्वराने ताण सुमारे ११ टक्के उतरतो, बाराचा सेट जवळजवळ अकरासारखा वाजतो, आणि कॅपोमुळे सूर मूळ जागीच राहतो. वर नटपाशी तार फार उंच असेल तर तोही त्रास कॅपोने जातो.

काळी एकची गोष्ट

भजनात, नाट्यगीतात, सुगम संगीतात साथ करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. गायक काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, गातो, पेटी त्यात लागते, आणि गिटारवाल्याला सी कॉर्डचे आकार हाताशी हवे असतात. सी म्हणजे पांढरी एक. मग तो सगळ्या तारा अर्धा स्वर चढवतो. वरवर बघता यात काही बिघडत नाही. पण ताण १२ टक्के वाढतो, आणि बाराच्या सेटचे ७४ किलो एकदम ८३ होतात, म्हणजे तेराचा सेट लावल्यासारखं. एखाद्या संध्याकाळपुरतं चालेल. पण आठवड्याला दोन भजनं असणारा वादक गिटार वर्षभर तशीच चढवून ठेवतो, आणि पहिली तार सारखी का तुटते याचं कोडं त्याला सुटत नाही. पावसात लाकूड आधीच फुगलेलं असताना हा जास्तीचा ताण ब्रिजला फारच वाईट. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा, काळी दोनसाठी तिसऱ्यावर. तारा चढवू नयेत. नेहमीच वरच्या सुरात लावून ठेवायची असेल तर निदान अकराचा सेट घ्यावा.

जाड तारांनी आवाज भरदार होतो हे खरं आहे, विशेषतः अकूस्टिकमध्ये. फळीला हलवायची ताकद तारेच्या ताणातूनच येते. घुमटाच्या किंवा ढोलकीच्या बरोबर माइकशिवाय वाजवायचं असेल तर बारापेक्षा पातळ सेट ऐकूच येत नाही. पण माइक किंवा पिकअप लावून वाजवणार असाल तर त्या जास्तीच्या ताकदीचा काही उपयोग नाही, बोटं मात्र शिणतात. इलेक्ट्रिकमध्ये तर जाड तार म्हणजे जाड आवाज हा नियम फारच ढिला आहे. झीझी टॉप या रॉक बँडचे बिली गिबन्स सातच्या सेटवर वाजवतात, ब्लूज वादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या सेटवर वाजवत. दोघांचाही आवाज भरगच्च. वॉन तेराचा सेट अर्धा स्वर खाली उतरवून वाजवत, हे मात्र तेराचा सेट घ्यायला निघालेल्यांनी विसरू नये.

अकूस्टिक: पितळ की कासं

अकूस्टिकच्या खालच्या, म्हणजे जाड, चार तारा म्हणजे स्टीलचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूची गुंडाळी. वरच्या, म्हणजे पातळ, दोन नुसत्या स्टीलच्या. धातूची निवड म्हणजे गुंडाळीची निवड.

‘८०/२० ब्राँझ’ असं लिहिलेलं असतं त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं. तांबं आणि जस्त म्हणजे आपलं पितळ, ब्राँझ हे नुसतं बाजारातलं नाव. आवाज टणक आणि उजळ. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर सुमारे ८ टक्के कथील आणि फॉस्फरसचा अंश असतो, म्हणजे ते खरोखरचं कासं. या तारा १९७४ मध्ये डॅडारिओ कंपनीने बाजारात आणल्या. आवाज किंचित मऊ, खर्जात भरीव, आणि हवेला जास्त दाद न देणारा.

या दोनांत इथल्या हवेसाठी आमचं मत स्पष्ट आहे: फॉस्फर ब्राँझ घ्या. देवघरातली पितळी समई श्रावणात आठवड्याभरात कशी काळवंडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिटारची पितळी गुंडाळी त्याहून वेगळी नाही, उलट तिला बोटांचा घामही लागतो. ८०/२० चा उजळपणा हा तिचा एकमेव गुण, आणि इथे तोच आधी जातो. रेकॉर्डिंगसाठी मुद्दाम नवी चकचकीत तार हवी असेल तरच ती घ्यावी.

जुनी, नाजूक किंवा एकदा ब्रिज सुटून डकवलेली गिटार असेल तर ‘सिल्क अँड स्टील’ नावाच्या तारा मिळतात. त्यांत गाभ्याच्या स्टीलभोवती रेशमी धाग्यांचा थर असतो आणि वर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी. ताण कमी, आवाज हळवा. जोरात झोडून वाजवणाऱ्यांसाठी नाहीत, बोटांनी छेडणाऱ्यांसाठी आहेत.

नायलॉनच्या तारांना आपल्याकडे शिकाऊंच्या तारा समजतात, तसं काही नाही. आधी क्लासिकल गिटारला जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या मिळेनाशा झाल्यावर न्यूयॉर्कमधले गिटारकार आल्बर्ट ऑगस्टीन यांनी ड्युपाँ कंपनीच्या नायलॉनपासून तारा करून बघितल्या, आणि आंद्रेस सेगोविया यांच्यासारख्या वादकाने त्या उचलून धरल्या. या तारांवर जाडीपेक्षा ‘नॉर्मल टेन्शन’, ‘हार्ड टेन्शन’ असं लिहिलेलं असतं. नॉर्मल घ्यावा. नायलॉनला गंज लागत नाही, हा गोव्यात केवढा मोठा फायदा आहे ते लक्षात घ्या. खालच्या तीन गुंडाळलेल्या तारा मात्र काळ्या पडतात, आणि चौथी, म्हणजे डी, सगळ्यात आधी जाते, कारण तिची गुंडाळी सगळ्यात बारीक असते आणि फ्रेटवर घासून तुटते. म्हणून सुटी डी तार घरात असावी.

इलेक्ट्रिक: चुंबकाला जे दिसतं ते

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि भोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. चुंबकाला ओढ लागेल असा धातू त्याच्यासमोर हलला तरच वीज तयार होते. लोखंड आणि निकेल चुंबकाला लागतात. तांबं, पितळ, कासं लागत नाही. त्यामुळे इलेक्ट्रिकवर ब्राँझचा सेट चढवला तर वरच्या दोन तारा कर्कश मोठ्या येतात आणि खालच्या चार दबतात, कारण पिकअपला त्यांचा नुसता आतला स्टीलचा गाभा दिसतो. अकूस्टिकच्या भोकात बसवायच्या चुंबकीय पिकअपलाही हाच प्रश्न येतो. सॅडलखाली पिएझो पिकअप असेल तर नाही, कारण तो दाब ओळखतो, धातू नाही.

बाजारातले बहुतेक सेट निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलचे असतात. काहीच ठरवता येत नसेल तर हेच घ्यावेत. शुद्ध निकेलचा आवाज थोडा गोल आणि जुन्या धाटणीचा. स्टेनलेस स्टील उजळ, हाताला जरा खरखरीत, आणि सहसा गंजत नाही. किनाऱ्याजवळ रोज संध्याकाळी उघड्यावर वाजवणाऱ्यांनी ते वापरून बघावं. त्याची किंमत अशी की ते कडक असल्याने फ्रेट लवकर झिजतात.

स्वर ओढून वर नेणाऱ्यांसाठी स्ट्रॅटवर नऊ, लेस पॉलवर दहा ही सुरुवात. ऑर्केस्ट्रात मुख्यतः कॉर्ड वाजवणाऱ्यांनी दोन्हीवर दहा लावावा, नऊवर डाव्या हाताचा जोर जास्त झाला की कॉर्ड बेसूर होतो. तिसरी तार, म्हणजे जी, इलेक्ट्रिकमध्ये नुसती स्टीलची असते, दहाच्या सेटमध्ये १७ जाडीची. अकूस्टिकची तिसरी तार गुंडाळलेली, २४ ची. अकूस्टिकवर ती फार ओढू नये, गुंडाळीच्या आतला गाभा फारच बारीक असतो आणि तोच तुटतो.

फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असेल तर सेटची जाडी बदलताना दहा वेळा विचार करा. तिथे एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगा. नऊचा दहा केला की आठ किलो ओढ वाढते, ब्रिज पुढे झुकतो, सगळ्या तारा वर जातात. मग मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळायचे, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा बघायचं, असं ब्रिज फळीला समांतर होईपर्यंत. अशा गिटारच्या तारा एकेक करूनच बदलाव्यात.

पाऊस, घाम आणि लेप

तार मरते म्हणजे काय होतं? घामातलं मीठ आणि हवेतला ओलावा मिळून धातू खातात. गुंडाळीच्या वेटोळ्यांमध्ये मळ बसतो आणि तिथे तार जड होते. जडपणा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून उघडी तार सुरात लागते आणि बाराव्या फ्रेटवर मात्र बेसूर येते. ट्यूनर बरोबर दाखवतो, कॉर्ड तरी खटकतो. अशा वेळी आधी तार बदलून बघावी, मगच कारागिराकडे जावं.

यावर उपाय म्हणून लेप दिलेल्या तारा मिळतात. एलिक्सर कंपनीने १९९७ मध्ये अकूस्टिकसाठी अशा तारा आणल्या, आता बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे आहेत. तारेवर प्लास्टिकजन्य पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे वेटोळ्यांत मळ जात नाही. किंमत साध्या सेटच्या दुप्पट-तिप्पट. रोज तासभर वाजवणाऱ्याचा साधा सेट इथे पावसाळ्यात महिन्याभरात मान टाकतो, लेपाचा सेट तीन महिने सहज जातो. कोरड्या गावात हा हिशेब बरोबरीत सुटला असता, गोव्यात लेपाच्या बाजूने झुकतो. ज्यांच्या तळहाताला फार घाम येतो त्यांनी तर दुसरा विचारच करू नये. लेप पिकने खरवडला जाऊन भोकाजवळ पांढरे तंतू लोंबायला लागतात, त्याने आवाज बिघडत नाही, पण बदलायची वेळ जवळ आली एवढं कळतं.

तार विकत घेताना आतलं पाकीट हवाबंद आहे का ते बघा. कागदी पाकिटातले सेट दुकानाच्या कपाटात एक पावसाळा काढून आलेले असतील तर लावण्याआधीच मेलेले असतात. शक्य असेल तर उघडून पहिल्या तारेवर तपकिरी ठिपके आहेत का ते तपासावं. मोठ्या ब्रँडांच्या नकलाही बाजारात येतात. डॅडारिओच्या सेटमध्ये सहाही तारा एका बंद पिशवीत असतात आणि टोकाच्या गोळ्यांना वेगवेगळे रंग असतात. प्रत्येक तार वेगळ्या कागदात आणि गोळ्या सगळ्या एकाच रंगाच्या असतील तर ती नक्कल.

वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसा, वरून आणि बोटाने फडकं खाली सरकवून खालूनही. गंज खालूनच सुरू होतो. गिटार बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, टांगून ठेवायची सवय पावसात मोडावी. गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलणाऱ्या गोळ्यांपैकी नारिंगी घ्याव्यात, कारण निळ्यांत विषारी कोबाल्ट असतं. रंग उतरला की त्या ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर वाळवता येतात. स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नयेत.

जुलै-ऑगस्टात गिटार अचानक कडक लागते. तारा त्याच असतात. लाकूड ओलावा पिऊन फुगतं, वरची फळी उचलली जाते आणि तारा उंच होतात. अकूस्टिकमध्ये बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.४ मिलिमीटरच्या आसपास, पातळ तारेची १.८ च्या आसपास असावी. पावसात ती तीनवर गेली म्हणून सॅडल घासून कमी करू नका. जानेवारीत लाकूड सुकून खाली बसेल आणि प्रत्येक तार फ्रेटवर खणखणेल, आणि घासलेलं सॅडल परत वाढत नाही. त्या दिवसांपुरता एक आकडा पातळ सेट लावणं हा सरळ उपाय आहे.

बदलताना

अकूस्टिकची तार आधी पूर्ण ढिली करा, मगच कापा. ताणलेली तार कापली तर ती उसळून डोळ्याला लागू शकते. नव्या तारेची गोळी ब्रिजच्या भोकात घाला, तार नेकच्या बाजूला ठेवून पीन खोचा आणि तार हळूच वर ओढा, म्हणजे गोळी आतल्या फळीखाली जाऊन टेकते. ती पिनेच्या टोकावर अडकली असेल तर सूर चढवताना पीन फटकन बाहेर येते. खुंटीपासून पुढे साधारण पाच सेंटिमीटर ढील ठेवून तार ओवावी. गुंडाळलेल्या तारेचे खुंटीवर दोन-अडीच फेरे, नुसत्या तारेचे तीन-चार, वरून खाली, एकावर एक न चढवता. सूर लावला की बाराव्या फ्रेटपाशी तार हळूच वर ओढून सोडा, पुन्हा सुरात आणा, तीन-चार वेळा. नायलॉनला बसायला मात्र चार-पाच दिवस लागतात.

सेटची जाडी बदलली तर नेकही हलते. जाड तारांनी ती पुढे झुकते, पातळ तारांनी मागे जाते आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर खणखण सुरू होते. पहिला फ्रेट आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या फ्रेटपाशी तारेखाली बघा. पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाएवढी, फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, नसेलच तर उलट, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही. फिरवताना जोर लागला तर तिथेच थांबून कारागिराकडे न्यावी. नऊवरून एकदम अकरावर गेलात तर नटच्या खाचा अरुंद पडतात, तार अडकते आणि सूर लावताना टिक्-टिक् आवाज करत उड्या मारत वर जाते. खाचेत पेन्सिलीचं शिसं चोळल्याने थोडं भागतं, पण कानशीने खाच रुंद करणं हाच खरा उपाय. ते काम घरी करू नये, जास्त खोल गेलं तर नवा नट बसवावा लागतो.

तार नेहमी एकाच जागी तुटत असेल तर ब्रँड बदलून उपयोग नाही. सॅडलपाशी तुटते म्हणजे तिथे बारीक कूस आहे, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हळूच घासावी. खुंटीपाशी तुटते म्हणजे भोकाची कड धारदार आहे.

चवथीच्या आरत्या, जत्रेतलं नाटक किंवा हॉटेलातला कार्यक्रम असेल तर नवा सेट दोन दिवस आधी लावा. त्याच संध्याकाळी लावलेली तार पहिल्या तासाभरात सारखी उतरत राहते. आणि गिटारच्या पेटीत सुट्या पहिल्या आणि दुसऱ्या तारा, तुमच्या सेटच्या जाडीच्याच, हवाबंद पिशवीत सिलिकाच्या पुडीसह ठेवा. बरोबर तार कापायचा छोटा चिमटाही असू द्या.